दोन फुटी टाकी, विहिरीचं पाणी, अजून किती मासे टाकू?

सावईची_बाय:
नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याची, माशांच्या टाकीतलं मला फारसं काही कळत नाही तेव्हा जरा सोपं करून सांगा. आमच्या भावोजींची बदली झाली आणि त्यांची टाकी मासे, फिल्टर, दगड सगळ्यासकट आमच्या वसरीत येऊन बसली. टाकी टेपने मापली, २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. आत सध्या तीन गोल्डफिश आहेत बोटाएवढे, दोन 'शार्क' आहेत जे दिवसभर काचेला घासून इकडून तिकडे पळत असतात, आणि एक काळा सकर काचेला चिकटलेला, तो चांगला वीतभर झालाय. मुलीला चतुर्थीपर्यंत टाकी भरलेली हवी, पाहुणे येणार ना, तिने यादी पण केलीय : निऑन, गप्पी, दोन एंजल आणि एक निळा फायटर. दुकानात विचारलं तर म्हणाले सगळं चालतं, वर दोन मॉली फुकट देतो. मला शंका येतेय कारण आत्ताच पाणी दोन-तीन दिवसांत दुधाळ होतं. पाणी मी विहिरीचं घालते, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून. इंटरनेटवर वाचलं की एक इंच माशाला एक गॅलन पाणी, त्या हिशोबाने अजून पाचसहा तरी मावायला पाहिजेत. बरोबर का? आणि हे सगळे एकत्र राहतील का?

म्हापशेकार:
राहतील की ताई, एकमेकांच्या पोटात. एंजल लहान असताना देवमाणूस वाटतो, हाताएवढा झाला की निऑन हे त्याचं जेवणच. आणि फायटरला गप्पीच्या नराची शेपटी दिसली की त्याला वाटतं दुसरा फायटर आला. ते शार्क कसे दिसतात ते सांगा आधी, त्यावर बरंच काही आहे.

फिल्टरबाबा:
तो गॅलनचा नियम आधी डोक्यातून काढा. अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर आणि किंचित वर, आणि हा हिशोब दोन इंचापर्यंतच्या सडपातळ माशांना कसाबसा लागू पडतो, त्याच्यापुढे नाही. का तर माशाची लांबी दुप्पट झाली की तो रुंदीने आणि जाडीने पण दुप्पट होतो, म्हणजे वजन आठपट. दोन इंचाचे दोन मासे आणि चार इंचाचा एक, इंचात सारखे, पण तो एकटा त्या दोघांच्या मिळून चौपट वजनाचा असतो. घाण अगदी चौपट नाही करत पण दोघांपेक्षा बरीच जास्त करतो. आणि इंच मोजायचे ते दुकानातल्या पिशवीतल्या माशाचे नाहीत, पूर्ण वाढलेल्या माशाचे. इथेच सगळे फसतात.

आता तुमची टाकी. इंचातली तिन्ही मापं गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर मिळतात. २४ गुणिले १२ गुणिले १५ म्हणजे ४३२०, भागिले ६१, झाले ७१ लिटर. पण खाली दोन इंच खडी असेल तर नऊसाडेनऊ लिटर गेले, वर दीड इंच मोकळं ठेवता ते सात लिटर, दगड आणि तो प्लॅस्टिकचा किल्ला असेलच भावोजींचा, तो वेगळा. हातात खरं पाणी राहिलं ५५ लिटरच्या आतच.

त्यात तीन गोल्डफिश. लांब अंगाचा साधा गोल्डफिश किंवा कॉमेट २५-३० सेंटीमीटर होतो, गोल पोटाचे फॅन्सी पण १५-२० होतात, आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याला नीट पोट पण नसतं, आतडंच, त्यामुळे सारखा खात राहतो आणि सारखी घाण करत राहतो. सकर पूर्ण वाढला की फूटभराच्या वर जातो आणि 'टाकी साफ करणारा' हे त्याचं नाव ज्याने ठेवलं त्याने त्याची शी कधी बघितलेली नसणार. शिवाय मोठा झालेला सकर रात्रीच्या वेळी गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडून खातो, गोल्डफिशच्या कुशीला पांढरट चट्टे दिसतात का बघा. म्हणजे 'अजून किती' हा प्रश्न नंतरचा आहे ताई, तुमची टाकी आजच्या घडीला ओव्हरफुल आहे आणि पाणी दुधाळ होतंय ते त्यामुळेच. खाणं जास्त, घाण जास्त, त्यावर पाण्यातले बॅक्टेरिया भसाभस वाढतात.

सावईची_बाय:
अरे बापरे. शार्क असे आहेत, अंग करडं-रुपेरी, खाली पांढरं, मिशा आहेत छोट्या, पाठीवर एक तिकोनी पर खऱ्या शार्कसारखा. लाईट लावली की दचकून काचेवर आपटतात. पाच इंच असतील. चट्टे बघते रात्री.

म्हापशेकार:
मिशा म्हटल्यावर संपला विषय. तो पंगास. हॉटेलात तुम्हाला चोणकाच्या नावाखाली जो बासा खायला घालतात ना, तोच किंवा त्याचा सख्खा चुलत भाऊ. नदीतला मासा आहे तो, मेकाँगमधला, मीटरच्या वर वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला वळायला पण जागा नाही, म्हणून तो काचेवर धावतोय, खेळत नाहीये.

फिल्टरबाबा:
बरोबर. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो, दुकानात 'शार्क' या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळे मासे मिळतात. मिशीवाला हा पंगास. दुसरा सिल्व्हर शार्क म्हणजे बाला, चंदेरी, परांना काळी किनार, तो पण फूटभर होतो, घोळक्यात राहतो, उड्या मारतो. तिसरा काळा अंगाचा लाल शेपटीचा, तो पाच-सहा इंचावर थांबतो पण स्वभावाने जमीनदार, एकच ठेवायचा आणि तो पण मोठ्या टाकीत. यातला एकही शार्क नाही आणि ५५ लिटरमध्ये एकही बसत नाही.

कुडचड्याचो_राजा:
तुम्ही लोक नवीन माणसाला इतकं घाबरवता की तो टाकी भंगारात काढेल. माझ्याकडे पण दोन फुटीच आहे, आत चाळीसेक मासे आहेत, गप्पी, प्लॅटी, दोनचार टेट्रा, वर्षानुवर्षं चाललंय. फिल्टर टाकीच्या मापापेक्षा दुप्पट मोठा लावा आणि पाणी बदलत रहा, झालं. संख्येला घाबरायचं काय कारण?

रातांबा:
राजा, मेला नाही म्हणजे बरा आहे असं नसतं. चतुर्थीला आमच्या घरात पण चाळीस माणसं झोपतात, एकच संडास, आणि मजा येते, पण ती पाच दिवसांनी आपापल्या घरी जातात म्हणून मजा येते.

आणि गोव्यात एक गोष्ट कोणी मोजत नाही ती म्हणजे लाईट. मोठा फिल्टर लावलास मान्य, जून-जुलैत रात्री माड पडला तारेवर आणि सकाळपर्यंत लाईट नाही, तेव्हा तो फिल्टर म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा डबा. २० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरमागे ९ मिलिग्रॅम राहतो, ३० डिग्रीला साडेसातच, म्हणजे आपल्याकडे सुरुवातच कमीवर, त्यात गरम पाण्यात मासा श्वास पण जास्त घेतो. कमी मासे असलेली टाकी बंद पंपावर रात्र काढते कारण वरच्या पाण्यातून हळूहळू हवा जात राहते. खच्चून भरलेल्या टाकीत पहाटेपर्यंत सगळे तोंड वर करून पृष्ठभागावर येतात, आणि पहिले जातात ते मोठे. गप्पी बारीक आहेत, वरच्या थरात राहतात, म्हणून तुझे तगले. गोल्डफिश-पंगास तसे तगणार नाहीत. पंगास तरी वर येऊन हवा गिळतो, गोल्डफिश कसली गिळणार.

ताई, पावसाच्या आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, पॉवर बँकवर चालणारे पण मिळतात. आणि लाईट नसताना खाणं अजिबात घालायचं नाही, दोन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

कुडचड्याचो_राजा:
लाईटचं मान्य, इन्व्हर्टर आहे आमच्याकडे म्हणून लक्षात आलं नसेल. पण मग किती मासे बरोबर हे सांगणार कसं? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

फिल्टरबाबा:
चांगला प्रश्न, आणि तुझ्या चाळीसला मी सरसकट चूक म्हणणार नाही. गप्पी-प्लॅटी बारीक असतात, टाकीत खरी झाडं भरपूर असतील, दर आठवड्याला पाणी बदलत असशील तर चालू शकतं. कसं कळणार तर नायट्रेटचं टेस्ट किट. माशाच्या घाणीतून अमोनिया, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि नायट्रेट तिथेच साठत राहतं, ते पाणी बदलूनच जातं किंवा झाडं खातात. पाणी बदलल्यावर मोजायचं आणि आठवड्याने बदलायच्या आधी परत मोजायचं. समजा आठवड्यात १० ने (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढलं आणि तू दर वेळी पाव पाणी बदलतोस, तर ते चढत चढत ४० ला जाऊन थांबेल. अर्धं बदललंस तर २० ला थांबेल. म्हणजे आठवड्याची वाढ भागिले तू जेवढा हिस्सा बदलतोस तो. हा आकडा ४० च्या आत राहत असेल, अमोनिया आणि नायट्राइट शून्य असतील, तर घाणीच्या बाबतीत तुझी टाकी भरलेली नाही, मग चाळीस असोत की दहा. राहत नसेल तर एकतर मासे कमी कर नाहीतर जास्त बादल्या उचल. कोणाच्या कमरेत किती जोर आहे त्यावर पण टाकीची क्षमता ठरते असं म्हण.

अर्थात हे फक्त घाणीचं झालं. भांडण, जागा, पोहायची सवय हे किट सांगत नाही. बाला शार्कला पाणी कितीही स्वच्छ द्या, त्याला पळायला चार-पाच फूट लांबी लागतेच.

ओपाचंपाणी:
सगळे फिल्टरवर बोलताय पण ताईंनी एक वाक्य लिहिलंय तिकडे कोणाचं लक्षच नाही, विहिरीचं पाणी. फोंडा तालुक्यात जांभ्या दगडातली विहीर असेल तर पाणी मऊ असतं, क्षार कमी आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, सात म्हणजे मधला, खाली म्हणजे आंबट) सातच्या बराच खाली, सहाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. प्यायला गोड लागतं, डाळ पटकन शिजते, पण माशांच्या बाबतीत या पाण्याने अर्धी यादी आपोआप ठरते.

पहिली गोष्ट, दुकानदार फुकट देतो त्या मॉली घेऊ नका. मॉलीला कडक, क्षाराचं पाणी लागतं, पीएच साडेसातच्या वर. मऊ आंबट पाण्यात ती पर मिटून एका जागी थरथरत राहते, लोकांना वाटतं थंडी वाजतेय. गप्पीला पण कडकच आवडतं, मॉलीपेक्षा जरा सहन करते इतकंच. उलट निऑन, कार्डिनल, रासबोरा, गुरामी ही मंडळी मऊ पाण्यातलीच. म्हणजे निऑन आणि मॉली एका टाकीत हे कॉम्बिनेशन जे प्रत्येक दुकानात दिसतं ते कोणत्याही पाण्यात एकाला तरी त्रासाचं आहे. भांडत नाहीत म्हणून जमतात असं नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली कार्बोनेटची साठवण, जी पीएच घसरू देत नाही, ती खाऊन टाकतात. कडक पाण्यात ती साठवण भरपूर असते, विहिरीच्या मऊ पाण्यात नावापुरती. त्यात टाकी भरगच्च, म्हणजे अमोनिया जास्त, म्हणजे साठवण लवकर संपते, आणि मग पीएच धाडकन खाली. सहाच्या खाली गेला की ते बॅक्टेरिया कामच जवळजवळ थांबवतात. अमोनिया साठायला लागतो, पण आंबट पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो, फारसा विषारी नाही, त्यामुळे मासे जिवंत दिसतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं पाणी फारच घाण झालंय, बदलून टाक, आणि आपण अर्ध्याच्या वर नळाचं पाणी घालतो. पीएच एकदम वर. पीएच एका आकड्याने वाढला की त्या साठलेल्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. संध्याकाळपर्यंत सगळे आडवे, आणि दोष नळाच्या क्लोरीनला.

म्हणून ताई आधी अमोनिया आणि पीएच मोजा, दुकानातल्या पट्ट्या चालतील पण थेंबांचं किट जास्त भरवशाचं. अमोनिया सापडला तर एकदम अर्धी टाकी रिकामी करू नका, आज पाच-सात लिटर, उद्या पाच-सात, तेच विहिरीचं पाणी, असं करत आठवडाभर. आणि साठवण वाढवायला आपल्याकडे फुकटातला उपाय आहे, तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या. जेवण झाल्यावर मूठभर शिंपल्या उकळून, आतलं मांस-बिंस खरवडून, उन्हात वाळवून, थोड्या ठेचून एका जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या वाटेत ठेवायच्या. नुसता चुनखडी माल आहे तो, पाणी आंबट झालं की थोडा थोडा विरघळतो, पाणी सात-साडेसातच्या जवळ आलं की जवळपास थांबतो. सुरुवातीला मूठभरच, लगेच टोपलीभर नको. मसाला लागलेल्या चालणार नाहीत हे सांगायला नको.

म्हापशेकार:
सुकं केलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या म्हणजे फिल्टरला पण खोबऱ्याचा वास.

आगशेचो_नुस्तेकार:
मला हे विकतचे विलायती मासे कधी कळलेच नाहीत. मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) जाळं लावतो तिथे काळुंदर मिळतात बोटभर पिल्लं, काय सुंदर दिसतात अंगावर मोत्याचे ठिपके, दोन आणून टाका. आणि ते पंगास-सकर नको असतील तर द्या सोडून मांडवीत, जगले तर जगले.

ओपाचंपाणी:
दादा, मांडवीचं नाव पण काढू नका. सकर दक्षिण अमेरिकेतला, इथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही, अंगावर चिलखत आहे त्याच्या, आणि काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. केरळात, तामिळनाडूत, बंगालात तळ्यांत-नद्यांत तो ऑलरेडी पसरलाय, सगळा असाच टाक्यांमधून सुटलेला. आपली तर शेतीच बांधांवर उभी आहे, तुम्ही आगशीचे, खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध फुटला की काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू. विहिरीत, मयेच्या तळ्यात, शेताच्या पाटात, कुठेच नाही. हे गोल्डफिशला पण लागू आणि गप्पीला पण.

काळुंदर सुंदर आहे यात वाद नाही, आमच्यात तर तळूनच आवडतो. पण तो निमखाऱ्या पाण्यातला, वीतभर सहज होतो, जोडी लागली की पिल्लांसाठी बाकी सगळ्यांना कोपऱ्यात ढकलतो. त्याला वेगळी मोठी टाकी पाहिजे, ताईंच्या मऊ विहिरीच्या पाण्यात तर नकोच.

आगशेचो_नुस्तेकार:
बरं बाबा, मांडवीचं राहिलं. पण मुलीला आपला एखादा मासा दाखवायचा असेल तर व्हाळात (ओढ्यात) असतात ते डोक्यावर चकाकणारा ठिपकावाले?

रातांबा:
ते पॅनचॅक्स. डोक्यावर तो टिकलीसारखा ठिपका असतो, पाण्याच्या अगदी वरच्या थरात तरंगत असतात, डासांच्या अळ्या खातात. त्याच जातीतला एक छोटा, ब्लोकी, तो तर गोव्यातच मलेरियाच्या डासांविरुद्ध वापरून बघितला होता नव्वदच्या दशकात. त्याचा मोठा भाऊ पट्टेवाला पॅनचॅक्स मात्र टाकीत आणलात तर तोंडात मावेल तो मासा गिळतो, निऑन तर नक्कीच, आणि झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडतो. व्हाळावर नेऊन दाखवा, तिथेच मजा आहे.

सावईची_बाय:
इतकं सगळं वाचून मी आणि मुलीने मिळून कामं केली ती सांगते. सकरने खरवडलेला चट्टा एका गोल्डफिशच्या कुशीला आहे, बाबांनी म्हटलं तसाच. पट्टीवर पीएच सहा आला, अमोनियाचं थेंबांचं किट मागवलंय. गोल्डफिश माझ्या मावसभावाकडे जातील, त्याच्या अंगणात सिमेंटची मोठी टाकी आहे कमळाची, निदान पाचशे लिटरची, वर सावली आहे. पंगास आणि सकरचं दुकानदाराला विचारलं, आधी नको म्हणाला, मग पैसे मागणार नाही म्हटल्यावर घेतो म्हणाला. मुलगी रुसलीय कारण एंजल आणि फायटर दोन्ही कटले. आता ५५ लिटर, विहिरीचं पाणी, शिंपल्या घालणार, यात काय काय बसेल ते सांगा म्हणजे तिची समजूत काढते. तिला एक तरी 'मोठा' दिसणारा मासा हवाय.

फिल्टरबाबा:
शाबास, सगळ्यात अवघड काम करून मोकळ्या झालात, मासे कमी करायला कोणी तयार नसतं.

मी टाकी तीन थरांत बघतो. मधल्या थरात एकच घोळका, दोन-तीन जातींचे दोन-दोन नकोत. लोक दुकानातून प्रत्येकी जोडी घेतात लग्नाला बोलावल्यासारखी, पण टेट्रा-रासबोराला जोडी नको, घोळका हवा. सहाच्या खाली असले की एकतर लपून बसतात नाहीतर एकमेकांना चावतात. निऑनऐवजी मी कार्डिनल सांगेन, दिसायला तसाच, लाल पट्टा पोटाखालून पूर्ण जातो. निऑनला २२ ते २६ डिग्री बरं वाटतं आणि आपल्या वसरीत एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीला टेकतं. कार्डिनल गरमी जास्त सोसतो. आठ-दहा घ्या. महाग वाटले तर हार्लेक्विन रासबोरा, काळ्या तिकोनाचे, ते पण मस्त आणि जरा दणकट.

तळाला कोरी म्हणजे कोरीडोरास, पाच-सहा. खडी टोकदार असेल तर बदलून नदीची बारीक वाळू घाला, धुवून, कारण ते तोंड खुपसून फिरतात आणि मिशा झिजतात. स्टर्बाय जातीचा कोरी गरम पाण्यात चांगला राहतो, पांडा नको, तो थंडीवाला. आणि हे पण 'सफाई कामगार' नाहीत हं, त्यांना वेगळं बुडणारं खाणं लागतं.

मुलीसाठी मोठा मासा म्हणून हनी गुरामी, एक नर किंवा जोडी. दोन इंचाचाच असतो पण रंग मधासारखा, समोरच्या दोन लांब मिशांसारख्या परांनी प्रत्येक वस्तू हात लावून बघितल्यासारखा चाचपतो, मुलांना तो फार आवडतो. मूळचा आपल्याच देशातला, पूर्वेकडचा. वरून हवा घेऊ शकतो त्यामुळे लाईट गेली की त्याची काळजी कमी.

झालं, एवढंच. पंधरा-अठरा छोटे मासे, टाकी अजिबात रिकामी दिसणार नाही, उलट घोळका एकत्र वळतो तेव्हाच ती टाकी बघण्यासारखी होते.

म्हापशेकार:
फायटरचं मी मध्ये बोलू का? मुलीचं मन फायटरवरच असेल तर गुरामी काढून एक फायटर चालतो कार्डिनल आणि कोरीसोबत. दोघांपैकी एकच. ते एकाच घराण्यातले, एकमेकांना बघवत नाहीत. फायटर चिडका निघाला तर मात्र काढायची तयारी ठेवा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. आणि टायगर बार्ब कोणी सुचवला तर हात जोडा, फायटरचे लांब पर त्याला शेवयांसारखे दिसतात.

फिल्टरबाबा:
हे बरोबर. गोल्डफिश गेले की मात्र लगेच दुसऱ्या दिवशी अठरा मासे आणू नका. फिल्टरमधले बॅक्टेरिया तेवढेच राहतात जेवढं त्यांना खाणं मिळतं. मोठे मासे काढल्यावर लगेच पाच-सहा रासबोरा किंवा कार्डिनल, दोन आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्य दिसलं तर कोरी, परत दोन आठवडे, मग बाकीचे, शेवटी गुरामी. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा. आणि पंगास काढायच्या आधी पाणी हळूहळू ठीक करा, ओपाने सांगितलं तसं, नाहीतर नवीन मासे आंबट पाण्यात येऊन पडतील.

चतुर्थीपर्यंत पूर्ण यादी होणार नाही, अर्धी होईल. पाहुणे काही मोजायला येत नाहीत.

कुडचड्याचो_राजा:
ताई, माझ्याकडे गप्पीची पिल्लं भरपूर आहेत, फुकट देतो म्हणणार होतो पण आता लिहायला भीती वाटते.

ओपाचंपाणी:
राजा, नुसते नर असतील तर कोणीतरी कडक पाण्यावाला घेईल, वेगळी पोस्ट टाक. माद्या वाटू नकोस, एका मादीने एकदा नराचं बीज साठवलं की पुढचे कित्येक महिने नर नसताना पण दर महिन्याला पिल्लं टाकत राहते, वीस-तीस-चाळीस. तुझ्या चाळीसचं गणित तिथून आलंय बहुतेक.

सावईची_बाय:
मुलगी गुरामीवर राजी झाली, व्हिडिओ दाखवला तिला तो चाचपत फिरतो त्याचा. एकच विचारायचं राहिलं, नवीन मासे आणले की सरळ टाकीत सोडायचे का? भावोजी पिशवी तशीच उलटी करायचे.

रातांबा:
पिशवीतलं पाणी टाकीत नको, तेवढं पक्कं. पिशवी बंदच वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळेल, मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घालत अर्धा-पाऊण तास. दुकानातलं पाणी बहुतेक नळाचं असेल आणि तुमचं विहिरीचं, पीएचमध्ये फरक असणार, म्हणून जरा जास्त वेळ घ्या. मग जाळीने मासा उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी माडाच्या मुळाशी.

जमलं तर पहिले दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, छोटा स्पंज फिल्टर, त्या फिल्टरचा स्पंज आत्तापासूनच मोठ्या टाकीत टाकून ठेवा म्हणजे त्यात बॅक्टेरिया बसतील. कार्डिनल बऱ्याचदा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घेऊनच येतात दुकानातून, टबात दिसले तर टबातच उपचार होतो. टबावर जाळी झाका, मांजर असेल ना घरात.

सावईची_बाय:
दोन आहेत. जाळी झाकते. देव बरें करूं सगळ्यांना, अमोनियाचा आकडा आला की इथेच लिहिते.